काळ्या कोंबडीचा काढा

यिंग छायती आणि मी अठरा वर्षं एकाच खोलीत उकडून निघालो. आमच्या तालुक्यात देशी वैद्यकाचं सरकारी इस्पितळ आहे. त्याच्या तळमजल्यावर, धोबीखान्याला लागून, काढ्याची खोली. वरच्या मजल्यावरचे डॉक्टर चिठ्ठ्या लिहितात, औषधखिडकीतली माणसं मुळ्या-साली तोलून पुड्या बांधतात, आणि त्या पुड्या भिजवून, उकळून, गाळून प्लॅस्टिकच्या पाकिटांत बंद करायच्या, हे काम आमचं. सकाळी एक, संध्याकाळी एक, सात दिवसांची चौदा पाकिटं. प्रत्येक भांड्याला रोग्याच्या नावाचं कार्ड लटकतं आणि कार्डावर दोन सह्या लागतात, एक उकळणारीची आणि एक पाकिटं भरणारीची. उकळायची छायती, भरायची मी. म्हणजे पुढे जे सांगणार आहे, त्यातल्या प्रत्येक कार्डावर माझीही सही आहे. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तुम्ही म्हणाल, ही लौबाई दुसरीचं पाप चव्हाट्यावर मांडायला बसली.

छायती बुटकी, रुंद खांद्यांची, आणि कामाच्या बाबतीत नाकावर माशी बसू देणारी नव्हे. पुदिना शेवटच्या पाच मिनिटांत टाकायचा असतो. नवीन होते तेव्हा मी तो एकदा सुरुवातीलाच टाकला. तिनं अख्खं भांडं मोरीत ओतलं, मला औषधखिडकीत पाठवलं आणि म्हणाली, "जा, सांग त्यांना की मी गाढव आहे आणि मला दुसरी पुडी द्या." मी अगदी तेच शब्द सांगितले, कारण तिच्यापुढे दुसरं काही सुचायचंच नाही. तिचा नवरा ट्रक चालवायचा. तो म्हणायचा, मी बायकोशी नाही, औषधाच्या कपाटाशी लग्न केलंय. वास जायचाच नाही ना अंगाचा. केस धुवा, कपडे उकळा, बसमध्ये शेजारचा माणूस विचारणारच, कोण आजारी आहे घरी?

अशी बाई भांड्यात नको ते घालील, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्या कानाखाली वाजवली असती.

तिची धाकटी बहीण लिंगफेन. दोघींत सात वर्षांचं अंतर. आई लवकर गेली, बाप दगडाच्या खाणीवर, तेव्हा लिंगफेनला पाठीशी बांधून छायतीनं भात लावला, पाणी भरलं, आणि स्वतःची शाळा चौथीत सोडून तिला शिकवलं. लिंगफेन पुढे पहिलीच्या वर्गाची शिक्षिका झाली. गोड गळ्याची, हसरी आणि खाण्याची विलक्षण शौकीन. शरद ऋतूत खेकडे निघाले की पगार झाल्या दिवशी दोन डझन आणायची आणि पायांच्या टोकांतलंसुद्धा मांस काडीनं कोरून खायची. छायती म्हणायची, हिला नवरा नाही मिळाला तरी चालेल, खेकडे मिळायला हवेत. नवरा खरंच नाही मिळाला. तिचं सगळं घर म्हणजे तिची ताई.

त्रेचाळिसाव्या वर्षी तिच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. हांगचौच्या मोठ्या इस्पितळात शस्त्रक्रिया झाली, आणि पुढच्या केमोच्या सहा फेऱ्या घराजवळ, आमच्याच इस्पितळात तिसऱ्या मजल्यावर घ्यायच्या ठरल्या. आमच्याकडे दोन्ही चालतं. दिवसा सलाईनमधून केमो, संध्याकाळी आमचा काढा, उलट्या थांबायला मनगटावर सुया. डॉक्टर माओ ही तरुण पोरगी पेशी मोजायची, आणि म्हातारे थोंग वैद्य नाडी बघून चिठ्ठी लिहायचे. दोघांचं आपसांत काही भांडण नव्हतं. दोघांनी एकच गोष्ट एका सुरात सांगितली, पोटभर खा. अंडी, मासे, कोंबडी, जे उतरेल ते. अंगात ताकद नसेल तर केमो झेपणार नाही.

आणि लिंगफेननं नेमकं त्याच आठवड्यात व्रत घेतलं. शस्त्रक्रिया करून आल्यावर ती डोंगरावरच्या क्वानयिन देवीच्या देवळात गेली, गुडघ्यांवर बसून तीन वेळा डोकं टेकलं आणि बोलून आली, बरी होईपर्यंत जिवंत प्राण्याचं काही तोंडात घालणार नाही. बरी झाले तर जन्मभर घालणार नाही. मासे नाहीत, अंडं नाही, डुकराच्या चरबीत परतलेली भाजीसुद्धा नाही.

छायतीनं घर डोक्यावर घेतलं. तुला देवीनं चिठ्ठी पाठवली होती का, देवी काय तुझ्या कोंबडीवर जगते का, बरी झाल्यावर हवी तेवढी पाळ, आत्ता कशाला, असं सगळं बोलून झालं. लिंगफेन शांतपणे ऐकत राहिली. मी तिथेच होते, संत्री घेऊन गेले होते. शेवटी ती म्हणाली, "ताई, सलाईन डॉक्टरांची, काढा तुझा, सुया वैद्यांच्या. ह्या सगळ्यात माझं म्हणून मी काय करते? नुसती पडून राहते. हे एवढं एक तरी माझं राहू दे."

छायतीनं माझ्या हातातली संत्री घेतली आणि सोलायला बसली. 

पहिली फेरी निभावली. दुसऱ्या फेरीनंतर लिंगफेनच्या तोंडाची चव गेली, केस गेले, भाताची पेज आणि उकडलेला पाला एवढंच पोटात जायला लागलं. वजन चाळीस किलोवर आलं. तिसऱ्या फेरीच्या आधी रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी दोन हजारांच्या खाली. डॉक्टर माओनं फेरी पुढे ढकलली, पेशी वाढायची इंजेक्शनं सुरू केली आणि छायतीला बाजूला घेऊन सांगितलं, असंच चाललं तर औषधाची मात्रा कमी करावी लागेल, आणि मात्रा कमी केली की भरवसाही कमी. छायती खाली आली आणि चोवीस भांड्यांपुढे नुसती उभी राहिली. मी पहिल्यांदाच तिला एक भांडं करपवताना पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ती थर्मास घेऊन आली. मला वाटलं चहा असेल. चौदा नंबरच्या भांड्यात लिंगफेनची पुडी भिजत होती. छायतीनं त्यातलं पाणी काढून टाकलं आणि थर्मास ओतला. पिवळसर, स्वच्छ रस होता, पण वाफ आल्याबरोबर माझ्या नाकानं ओळखलं. काळ्या हाडांच्या कोंबडीचा रस. बाळंतिणीला देतात तो. मी तिच्याकडे बघितलं, तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

"चरबी सगळी काढलीय," ती म्हणाली. "रात्रभर गार करून वरचा थर उचलला, मग कागद फिरवला. ह्या मुळ्यांचा वास एवढा उग्र आहे, तिला कळणार नाही."

मी म्हटलं, छायती, तिनं देवीपुढे डोकं टेकून शब्द दिलाय. छायती म्हणाली, शब्द तिनं दिलाय, मी नाही. पाप लागायचं तर मला लागू दे, माझ्या नावावर आणखी एक लिहा म्हणावं. मी आणखी काही बोलणार तेवढ्यात ती वळली, आणि तिचे डोळे बघून मी रिकामी पाकिटं मोजायला घेतली. भांडं उकळलं, गाळलं, मी पाकिटं भरली. कार्ड पुढे केलं तेव्हा तिनं सही केली आणि तिच्या खाली मी केली. खरं सांगते, मला त्या दिवशी काही फार वाईट वाटलं नाही. बहिणीबहिणींचा मामला, आपण कशाला मध्ये पडा, असंच वाटलं. लिंगफेननं वर पाकीट कापून गटागटा प्यायलं आणि तोंड वाकडं करून म्हणाली, आज जरा कमी कडू आहे.

बारा दिवसांत पेशी चार हजार सहाशेवर गेल्या. डॉक्टर माओ म्हणाली, इंजेक्शनं लागू पडली. थोंग वैद्य म्हणाले, मी काढ्यातली मुळी दुप्पट केली होती ना. छायतीनं खाली येऊन थर्मास असा घासला की जणू बक्षीस मिळालेला पेला. आणि लिंगफेन? ती रिपोर्ट छातीशी धरून रडली. देवीनं ऐकलं, म्हणाली. ताई, मी एका घासापुरतंसुद्धा व्रत मोडलं नाही, म्हणून देवीनं ऐकलं.

कशानं वाढल्या त्या पेशी, मला आजही माहीत नाही. मी काढा भरणारी बाई. पण तेव्हा चौघं जण चार गोष्टींचे उपकार मानत होते, आणि त्यातल्या फक्त एकीचंच उघड्यावर गुणगान चाललं होतं.

लिंगफेन शिक्षिका, बोलणं गोड. ती वॉर्डात सगळ्यांना सांगायला लागली. पलीकडच्या खाटेवर आयचू नावाची बाई होती, डोंगरातल्या गावची, लिंगफेनहून दोनच वर्षांनी मोठी. तीच गाठ, तीच शस्त्रक्रिया, फेरी एक मागे. तिचा नवरा कनफा सोयाबीनच्या दुधाचं पनीर, आमचा तोफू, बनवून गावोगाव विकायचा. अबोल माणूस. दर तीन दिवसांनी बसनं यायचा, डब्यात ताजा तोफू घेऊन, आणि अर्धा लिंगफेनला द्यायचा, कारण ती माळकरणीसारखी पाळणारी बाई, तिला हाच आधार. आयचू स्वतः भित्री. इंजेक्शनची सुई बघितली तरी डोळे मिटायची. तिला कुणीतरी हात धरून पुढे नेणारं हवं होतं, आणि लिंगफेननं खरंच तिचा हात धरला.

आयचूनं व्रत घेतलं. लिंगफेननं घे म्हटलं नव्हतं, हे मला ठाऊक आहे. पण तो रिपोर्ट बघून कोण घेणार नाही? डॉक्टर माओ ओरडली, कनफानंही एकदा हळूच विचारलं, अंडं तरी? आयचू म्हणाली, "लिंगफेन शिक्षिका पेजेवर राहून उभी राहिली. मीही राहीन."

छायतीनं हे पहिल्यांदा ऐकलं ते पाकिटं द्यायला वर गेली होती तेव्हा. खाली आली ती तोंड पडलेलं. काय झालं विचारलं तर म्हणाली, काही नाही, गुडघा दुखतोय.

पुढच्या फेरीनंतर आयचूच्या तोंडात फोड आले. सोयाबीननं पोट आंबायला लागलं, तेव्हा नवऱ्याचा तोफूही सुटला. राहिली पेज. तीही दुपारपर्यंतच, कारण देवळातल्या कुणी तिला सांगितलं होतं की दुपारनंतर न खाणं अधिक पुण्याचं. इंजेक्शनं तिलाही दिली. पेशी उठेनात. फेरी एकदा पुढे गेली, मग पुन्हा गेली.

त्या आठवड्यात एका सकाळी छायतीनं दोन थर्मास आणले. एक चौदा नंबरात ओतला. दुसऱ्याचं झाकण उघडून ती एकोणीस नंबरापुढे उभी राहिली. एकोणीसवर आयचूचं कार्ड होतं. मी उठले आणि भांड्यावर हात ठेवला.

"हे नाही," मी म्हटलं. "लिंगफेन तुझी बहीण आहे, तिला फसव, बदड, काय वाटेल ते कर. ही परकी बाई आहे. तिचं व्रत मोडायचा अधिकार तुला कुणी दिला?"

"मरेल ती, लौ."

"मग वर जाऊन खरं सांग. तोंड आहे ना तुला? मी ह्या कार्डावर सही करणार नाही."

छायतीनं झाकण लावलं. तो रस तिनं घरी नेला, नवऱ्याला पाजला असेल. मला मात्र स्वतःचं भलतंच कौतुक वाटलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी छायतीला नियम शिकवला होता. त्या दिवशी घरी जाऊन मी एक वाटी भात जास्त जेवले. हे आठवलं की अजून लाज वाटते, पण जेवले हे खरं आहे.

ती वर गेली, नाही असं नाही. तीनदा गेली. पहिल्यांदा गेली तर दोघी टकल्या एका खाटेवर बसून जपमाळ ओढत होत्या आणि आयचू चुकली की लिंगफेन तिला पहिलीतल्या पोरासारखं कान धरून सांगत होती. दोघी हसत होत्या. छायती पाकिटं ठेवून परत आली. दुसऱ्यांदा तिनं वाट काढायचा प्रयत्न केला. लिंगफेनला म्हणाली, तू तिला सांग की अंडं खा, तुझं ती ऐकेल. लिंगफेननं दोन दिवस विचार केला. ती खोटं बोलणारी बाई नव्हेच. म्हणाली, ताई, मी स्वतः मोडलं नाही, आणि तिला मोड म्हणून कोणत्या तोंडानं सांगू?

तिसऱ्यांदा ती दारातूनच वळली. त्या दिवशी मी तिला धरलंच. म्हटलं, आता तू सांगणार आहेस की मी सांगू? ती भांड्यांच्या मागे पाटावर बसली आणि दोन्ही हातांनी डोकं धरून म्हणाली, "लिंगफेनच्या अजून दोन फेऱ्या आहेत गं. आत्ता कळलं तर ती काढा थुंकेल, सलाईन उपटून टाकेल. ती देवीच्या जोरावर उभी आहे, माझ्या कोंबडीच्या नाही. दोन फेऱ्या होऊ दे. मग मी सगळ्यांसमोर सांगते, वाटलं तर देवळात जाऊन सांगते."

मी म्हटलं, बरं. वर जाऊन मीही सांगू शकत होते. जिना सगळ्यांसाठी होता. पण मी स्वतःला समजावलं की बहीण तिची, गुपित तिचं, आणि दोन फेऱ्या म्हणजे सहा आठवडे, एवढ्यात काय होतंय.

चौथ्या आठवड्यात आयचूला ताप भरला. तीन दिवस उतरला नाही. मग डॉक्टर माओनं कनफाला जे सांगायचं ते सांगितलं, आणि आमच्याकडे करतात तसं त्यानं तिला घरी नेलं, आपल्या छपराखाली जावं म्हणून. जाताना आमच्याकडून त्या आठवड्याची चौदा पाकिटंही नेली. लिंगफेन फाटकापर्यंत चालत गेली आणि आयचूच्या मनगटात स्वतःची जपमाळ घातली. पाच दिवसांनी निरोप आला.

डॉक्टर माओला मी एकदा आडून विचारलं. ती म्हणाली, अंडं खाल्लं असतं तर वाचली असती असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि न खाल्ल्यानं काही बिघडलं नाही असंही मी म्हणणार नाही. म्हणजे आम्हाला सुटकाही नाही आणि शिक्षाही नाही.

लिंगफेनच्या सहाही फेऱ्या पूर्ण झाल्या. छायतीनं देवळात जाऊन सांगितलं का? नाही. त्या सुमारास लिंगफेन आयचूसाठी रडत होती आणि म्हणत होती, निदान ती शुद्ध गेली. अशा बहिणीला काय सांगणार? आज लिंगफेन ठणठणीत आहे, निवृत्त झाली, देवळात गाणी शिकवते, खेकड्यांच्या दुकानापुढून मान वळवून जाते. दर वर्षी देवीच्या सणाला लोक तिला आपली गोष्ट सांगायला उभं करतात. छायती पुढच्या ओळीत बसते. एकदा मी शेजारी होते. गोष्ट चालू असताना ती स्वतःच्या मांडीला चिमटा काढत होती, दुसऱ्या दिवशी तिथे काळंनिळं झालेलं तिनं मला दाखवलं, म्हणाली, नाहीतर मी मध्येच उठून ओरडेन.

पण मला सांगायची आहे ती सकाळ, आयचू गेल्यावर सातवा दिवस झाला त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

दहाचा सुमार. भांडी जोरात उकळत होती. खिडकीवर टकटक झाली. बाहेर कनफा उभा. दंडाला काळी पट्टी, हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत पाकिटं होती, आयचूची, न उघडलेली. नऊ.

"मेलेल्या माणसाचं औषध घरात ठेवू नये म्हणतात," तो म्हणाला. "फेकवलं नाही. म्हटलं, तुम्ही केलेलं, तुम्हालाच द्यावं."

छायतीनं पिशवी घेतली. बसा म्हणाली, चहा देते म्हणाली. तो बसला नाही. खिडकीच्या फळीवर बोटं ठेवून उभा राहिला. जायला निघेना. छायतीनं गावचं विचारलं, पोरगी कशी आहे विचारलं. शहरात कामाला परत गेली, म्हणाला. मग आमच्या भांड्यांकडे बघत तो एकदम बोलायला लागला. त्याला एवढं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"ताई, शेवटच्या दिवशी दुपारी ती चांगली शुद्धीवर आली. मला म्हणाली, वाफवलेलं अंडं दे. मऊ, पाणी जास्त घालून, वर दोन थेंब सोयासॉस. लहानपणी तिची आई करायची तसं. घरात कोंबड्या आहेत. त्या दिवशीची चार अंडी टोपलीत होती." त्यानं फळीवरून हात फिरवला, जणू तिथे काही सांडलं होतं. "मी म्हटलं, अगं, इतके दिवस पाळलंस. आता शेवटी कशाला मोडतेस? पेज दिली. तिनं ऐकलं. दोन चमचे पेज घेतली आणि पुन्हा मागितलं नाही."

छायतीनं पाकिटांची पिशवी खाली ठेवली.

"तेव्हापासून मला घास जात नाही," तो म्हणाला. "एकच विचारायला आलोय. लिंगफेन शिक्षिकेला झाली का कधी अशी इच्छा? तिनं मोडलं का कधी? एकदा तरी? तुम्ही बहीण, तुम्हाला माहीत असणार."

मी भांड्यांच्या मागून छायतीचं तोंड बघत होते. ओठ उघडले. इतके दिवस मी तिच्या मागे लागले होते, सांग, सांग. आणि त्या क्षणी मी मनातल्या मनात हात जोडले, छायती, नको सांगूस. हा माणूस घरी जाऊन त्या टोपलीपुढे बसेल आणि उठणार नाही. नको सांगूस.

"नाही," छायती म्हणाली. "एकदाही नाही."

"म्हणजे मी केलं ते बरोबर केलं?"

"बरोबर केलंत."

कनफाच्या खांद्यांतून काहीतरी सुटल्यासारखं झालं. त्यानं बाहीनं डोळे पुसले, दोन वेळा मान हलवली. मग मला विचारलं, बसचा थांबा हलवलाय म्हणतात, आता कुठे? मी सांगितलं, पुलाच्या पलीकडे, बियाण्यांच्या दुकानासमोर. तो गेला.

छायतीनं खिडकी लावली.  एकोणीस नंबरावर आता दुसऱ्या कुणाचं कार्ड होतं, ते भांडं उतू चाललं होतं, तिनं आधी ते खाली उतरवलं. मग कात्री घेतली, मोरीपाशी उकिडवी बसली आणि आयचूची पाकिटं एकेक कापून ओतायला लागली. नऊच्या नऊ. मी फडकं घेऊन शेजारी बसले. गार काढ्याचा वास वर आला, नुसत्या मुळ्यांचा आणि सालींचा, कडू. त्यात कोंबडीचा एक थेंब नव्हता. मी घालू दिला नव्हता.